आधी कपाट, मग भिंत

आमच्या मुलुंडच्या जुन्या बिल्डिंगला लिफ्ट नव्हती, आणि समोरच्या दारात राहणाऱ्या काकांना त्याचं कधीच वाईट वाटलं नाही. उलट कोणी सामान घेऊन जिना चढताना दिसलं की त्यांचा चेहरा खुलायचा. मी दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या घेऊन दुसऱ्या मजल्यावर धापा टाकत उभी असायची, आणि हे तिसऱ्या मजल्याच्या कठड्यावरून वाकून विचारायचे, "दमलीस? अडीच टनाचा दगड असता तर काय केलं असतंस?"

"काका, वांगी-बटाटे आहेत हो."

"तेच म्हणतोय मी. वांग्यांनी तुझी ही अवस्था. त्यांनी कसं केलं असेल, विचार कर ना."

'त्यांनी' म्हणजे प्राचीन इजिप्तच्या लोकांनी, हे समजायला मला बरेच दिवस लागले. मी तेव्हा तिथे नवीन होते. तोपर्यंत माझी समजूत अशी की काकांचे कोणी जवळचे नातेवाईक बांधकामाच्या धंद्यात आहेत आणि त्यांचं काम कुठेतरी अडलंय. एकदा तर मी काकूंकडे त्यांची चौकशीही केली. काकू भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "ते काम झालं गं केव्हाच. चार-साडेचार हजार वर्षं झाली. ह्यांनाच अजून कळवलेलं नाही कोणी."

काकांनी सगळी नोकरी विमा कंपनीच्या क्लेम खात्यात काढली. गोदामाला आग कशी लागली, ट्रक दरीत कसा गेला, असल्या कहाण्या वाचायच्या आणि त्यात भोक कुठे आहे ते शोधायचं, हा त्यांचा उभ्या आयुष्याचा उद्योग. नोकरी संपली तरी संशय शिल्लक राहिला. मग त्यांनी पिरॅमिडची फाइल उघडली. राजाला ते पॉलिसीहोल्डर म्हणत. "पॉलिसीहोल्डर मयत. नॉमिनी मयत. जागेवर सर्व्हेयर गेला कधी, तर हजारो वर्षांनी. आणि आता जो तो येतो आणि म्हणतो, मला माहितीये कसं झालं ते. असा क्लेम पास होतो का?"

दगड नेमके कसे वर चढवले, याच्या जगात जितक्या थिअऱ्या आहेत तितक्या सगळ्या काकांनी एकेक करून घरात आणल्या, काही महिने सांभाळल्या आणि हाकलून दिल्या. त्यांची स्वतःची थिअरी कोणती, हे मला आजही सांगता येणार नाही. याचा मला फार त्रास व्हायचा. माझा स्वभाव असा की एकदा एखादी गोष्ट पटली की ती डोक्यात घट्ट बसली पाहिजे, म्हणजे पुढच्या कामाला लागता येतं. काका बसूच द्यायचे नाहीत. जिन्यात उभं राहून त्यांनी मला उताराची थिअरी पटवली. मातीचा लांबलचक उतार बांधायचा आणि त्यावरून दगड ओढत न्यायचे. मला ते इतकं पटलं की मी ऑफिसात डबा खाताना चार जणींना समजावून सांगितलं. घरी येऊन काकांना हे सांगितलं तर ते माझ्याकडे दयेने बघायला लागले.

"आणि तो उतार बांधायला माती किती लागली असेल? पिरॅमिड जेवढा, जवळजवळ तेवढीच. मग ती माती गेली कुठे?"

"अहो पण काका, तुम्हीच तर म्हणालात."

"मी काय वाटेल ते म्हणेन. तू कागदपत्रं मागायला नकोस?"

नंतर पिरॅमिडभोवती गोल फिरत जाणारा उतार आला. तो कोपऱ्यावर अडला, कारण एवढा दगड वळवणार कसा. मग आतून जाणारा बोगद्यासारखा उतार आला. मग तरफांची थिअरी आली. त्या दिवसांत त्यांच्या घरातली प्रत्येक जड वस्तू एका बाजूने उचललेली आणि खाली फळकुटं सारलेली असायची. काकू फ्रिज उघडायच्या आणि आतली आमटी एका कडेला जमलेली असायची.

ओल्या वाळूची थिअरी आली तेव्हा आमच्याकडे गच्चीच्या दुरुस्तीचं काम चालू होतं आणि कंपाउंडमध्ये वाळूचा ढीग पडला होता. इजिप्तमध्ये एक जुनं चित्र आहे म्हणे, त्यात घसरगाडीवर भलामोठा पुतळा ठेवलाय, माणसं तो ओढतायत आणि एक माणूस पुढे उभा राहून वाळूवर पाणी ओततोय. रविवारी सकाळी काकांनी पार्किंगमध्ये वाळू पसरली, घरातला पाटा एका फळीवर ठेवला, फळीला नाडा बांधला आणि नाडा माझ्या हातात दिला. स्वतः प्लास्टिकचा तांब्या घेऊन पुढे उभे राहिले. कोरड्या वाळूत फळीसमोर ढीग जमायचा. पाणी जास्त झालं की नुसता चिखल. पण मधेच एकदा प्रमाण असं काही जुळलं की पाटा अलगद सरकत आला. मला इतका आनंद झाला की मी गॅलऱ्यांमधून बघणाऱ्या लोकांची लाज सोडून ओरडले, "काका, जमलं."

काका तांब्या खाली ठेवून म्हणाले, "काय जमलं?"

"पाटा सरकला ना."

"पाटा सरकला. ओल्या वाळूवर वस्तू सरकते, एवढंच सिद्ध झालं. वर कशी चढली, ते कुठे?"

मी नाडा टाकून घरी गेले. त्याच वाळूवरून दुपारी आमच्या चेअरमनची स्कूटर घसरली. चेअरमन स्वतः सिव्हिल इंजिनिअर होते, पण त्यांनाही ही थिअरी पटली नाही. ते रागाने म्हणाले की परग्रहावरच्या लोकांनी येऊन बांधले ते पिरॅमिड, विषय संपला. या एका वाक्यावरून काका त्यांच्याशी दिवाळीपर्यंत बोलत नव्हते. मी मध्यस्थी करायला गेले तर म्हणाले, "आपल्याला जमत नाही म्हणून माणसालाच जमलं नसेल, हे कुठलं लॉजिक? तिथे राबलेल्यांच्या वस्त्या सापडल्यात. भट्ट्या सापडल्यात, पाव भाजायच्या. जेवून-खाऊन काम केलंय लोकांनी. त्यांचं श्रेय काढून यांनी तबकडीवाल्यांना देऊन टाकलं." त्यांचा आवाज चक्क कापत होता. ज्या माणसाला कुठलीच थिअरी पटत नव्हती त्याला एवढं वाईट का वाटावं, ते मला तेव्हा कळेना.

काकू महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होत्या आणि त्यांचं गणित सरळ होतं. दगड आणलेलेच नाहीत, जागेवर साच्यात ओतलेत, अशी थिअरी काकांनी मांडली तेव्हा काकूंनी इडलीपात्राचं झाकण काढलं आणि म्हणाल्या, "ही बघा. ही कोणी ओढत आणली नाही. पटलं असेल तर बसा खायला." काकांनी एक इडली उलटीसुलटी करून पाहिली. म्हणाले, "पण ग्रॅनाइटचं पीठ कोण भिजवणार?" आणि चार खाल्ल्या.

त्या दोघांमध्ये खरा वाद एकच होता, आणि तो पिरॅमिडइतकाच जुना आणि जड होता. काकूंचं कपाट.

हे लोखंडी कपाट काकूंनी लग्नाच्या आधी, नोकरीला लागल्यावर स्वतः घेतलेलं. तीन दारांचं, मधे आरसा, हिरवट रंग, सगळे सांधे वेल्डिंगचे, त्यामुळे सुटं काही होत नाही. ते लग्नानंतर काकूंबरोबर या घरात आलं. घर तेव्हा म्हणजे स्वयंपाकघर आणि एक मोठी खोली. कपाट त्या खोलीच्या आतल्या कोपऱ्यात लावलं गेलं. पुढे काकांची आई चिपळूणहून कायमची राहायला येणार असं ठरलं. तिला स्वतंत्र खोली हवी म्हणून काकांनी घाईघाईने मधे विटांची भिंत घातली, एक बारीकसा पॅसेज काढला आणि त्याच्या टोकाला अरुंद दार बसवलं. भिंत वाळली, रंग लागला, सासूबाई आल्या आणि मग काकूंच्या लक्षात आलं की कपाट आत राहिलंय आणि दार त्याच्यापेक्षा लहान आहे. खिडकीतून काढावं तर खिडकीसमोर हातभरावर शेजारच्या बिल्डिंगची भिंत. सासूबाई होत्या तोवर काकूंना साडी बदलायलासुद्धा त्यांच्या खोलीचं दार वाजवावं लागायचं. "ह्या घरात माझं म्हणावं असं तेवढंच होतं गं," काकू एकदा मला म्हणाल्या, "आणि तेच ह्यांनी भिंतीत घातलं."

काकांनी ही चूक कधीही कबूल केली नाही. आणि एक दिवस त्यांना कुठेतरी वाचायला मिळालं की मोठ्या पिरॅमिडमध्ये राजाच्या खोलीत जी दगडी पेटी आहे, ती तिथे जाणाऱ्या वाटेपेक्षा किंचित रुंद आहे. म्हणजे पेटी वाटेने आत गेलीच नाही. ती आधी ठेवली, खोली नंतर बांधली. त्या दिवशी काका माझी बेल वाजवून आत आले आणि पाणीही न पिता म्हणाले, "आधी वस्तू, मग भिंत. कळलं? ही चूक नसते. पद्धत असते."

"काकूंना सांगितलंत?"

"सांगितलं. ती म्हणते, तो राजा मेलेला होता, त्याला रोज साडी लागत नव्हती."

सगळ्या थिअऱ्या नामंजूर करणाऱ्या माणसाने एवढा एक मुद्दा मात्र पास केला होता. घरात कोणीही आलं की काका त्याला कपाट दाखवायला न्यायचे आणि म्हणायचे, "जगात दोन ठिकाणी हे काम झालंय. एक गिझाला आणि एक मुलुंड ईस्टला."

मग आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली. मी त्या वर्षी सोसायटीची सेक्रेटरी होते, कारण मीटिंगला उशिरा पोचले आणि तोवर बाकी सगळ्यांनी नाही म्हणून झालं होतं. सगळ्यांनी घरं रिकामी करून चाव्या बिल्डरला द्यायच्या, मग जुनी इमारत पाडायची आणि नवा टॉवर उभा राहायचा. एकेक घर रिकामं झालं. राहिले काका-काकू. काकूंनी मला स्वच्छ सांगितलं, "कपाट येणार असेल तर मी येते. ते राहिलं तर मीही इथेच राहिले."

काकूंचा शब्द म्हणजे शब्द. बिल्डरचा माणूस माझ्यामागे लागलेला, बाकीचे सभासद फोन करून माझं डोकं खातायत, आणि मी तिसऱ्या मजल्यावर उभी राहून एका हिरवट कपाटाकडे बघतेय, असे ते दिवस. सामान हलवणारी माणसं आली, त्यांनी दार मापलं आणि डोकं खाजवलं. "मॅडम, ये अंदर गया कैसे?" हा प्रश्न विचारताच काकांचे डोळे चमकले. त्यांनी त्या माणसांना खाली बसवून गिझापासून सुरुवात केली.

शेवटी शनिवारी आम्ही सगळे जमलो. चेअरमन फूटपट्टी आणि टेप घेऊन आले. कपाट आडवं केलं तर पॅसेजच्या वळणावर अडतं. तिरकं केलं तर छताला लागतं. काकांनी तरफा लावल्या. चेअरमनने फरशीला ओरखडे पडू नयेत म्हणून खाली जुनी गोधडी घातली. मग काकांनी फरशीवर साबणाचं पाणी ओतायची सूचना केली आणि गोधडी ओली झाली. कोणीतरी म्हणालं, दाराची चौकट काढून बघू. चेअरमन म्हणाले, चौकट काढली की प्लास्टर सुटेल. मी म्हटलं, "आणि भिंतीला हात लावायचा असेल तर आधी अर्ज द्यावा लागेल, कमिटीची परवानगी लागते." हे मी अगदी गंभीरपणे म्हणाले आणि चेअरमनने मान डोलावली.

काकू पलंगावर बसून हे सगळं पाहत होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "अगं, ही बिल्डिंग पाडायचीच आहे ना?"

चेअरमनने टेप हळूहळू गुंडाळली. आम्हा सगळ्यांचं आयुष्य त्या भिंती जपण्यात गेलं होतं. खिळा ठोकायचा तरी आम्ही आधी शेजाऱ्याला विचारायचो, पावसाळ्याच्या आधी पोपडे खरवडून लांबी भरायचो. पुढच्या आठवड्यात त्या भिंतींवर यंत्र चालणार होतं, हे आम्हाला माहीत होतं आणि तरी कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

बिल्डरची दोन माणसं घण घेऊन आली. भिंत फार चिवट नव्हती. चहा होईपर्यंत ती पडली, आणि धूळ खाली बसल्यावर मधला पॅसेज नाहीसा होऊन एकच मोठी खोली समोर आली, काकू लग्न होऊन आल्या तेव्हाची. कपाट कोपऱ्यात तसंच उभं होतं आणि त्याच्या आरशात आम्ही सगळे पांढरे झालेले दिसत होतो. काका विटांच्या ढिगाजवळ उभे होते. मला वाटलं, आता ते एखादी थिअरी सांगतील. ते काकूंकडे बघून म्हणाले, "चुकलंच माझं तेव्हा."

काकू पदराने आरसा पुसत राहिल्या.

ते दोघं घाटकोपरला तळमजल्यावर भाड्याने राहायला गेले. घर बघताना काकूंनी आधी दार मापलं होतं. मी मधून मधून भेटायला जायची. काका चहा घ्यायचे, पेपर वाचायचे, माझ्या नोकरीची चौकशी करायचे. पिरॅमिडचा विषय नाही. पहिल्यांदा मला सुटल्यासारखं वाटलं, मग चुकल्याचुकल्यासारखं वाटायला लागलं. एकदा मीच विचारलं, "काका, सध्या कुठली थिअरी?"

"फाइल बंद केली."

"म्हणजे पास झाली की नामंजूर?"

"पास नाही, नामंजूरही नाही. ठेवून दिली." आणि त्यांनी मला पेपरमधलं शब्दकोडं दाखवलं. मी पार गोंधळून गेले. असे नीट, सरळ, शहाण्यासारखे बोलणारे काका मला ओळखीचेच वाटेनात.

काकू मला सोडायला फाटकापर्यंत आल्या. म्हणाल्या, "इतकी वर्षं मला तेवढं एक वाक्य ऐकायचं होतं बघ. चुकलं म्हणा, एकदा म्हणा. म्हणाले, आणि तेव्हापासून गप्पच झाले. मला काय माहीत, ते एक वाक्य न बोलण्यावरच बाकीचं सगळं उभं होतं ते." त्यांचे डोळे भरले होते. मी म्हटलं, "होतील हो नीट." काका नीट झाले नाहीत. त्याच घरात, झोपेत, गेले. काकूंनी अकराव्या-बाराव्याचं काही केलं नाही, फक्त सगळ्यांना इडली खायला बोलावलं.

टॉवरचं काम अर्धं झालं होतं तेव्हा मला साइटवरून इंजिनिअरचा फोन आला. "मॅडम, तुमच्या सोसायटीच्या एक आजी आल्यात. ऐकतच नाहीत. जरा येता का?"

मी गेले. सिमेंटच्या गोण्या चढवायच्या पाळण्यात काकूंचं कपाट दोरखंडांनी बांधून ठेवलेलं होतं आणि काकू पिवळं हेल्मेट घालून खाली उभ्या होत्या. त्यांच्या वाट्याच्या फ्लॅटमध्ये अजून आतल्या भिंती घातल्या नव्हत्या, नुसते खांब आणि स्लॅब. कपाट आत्ताच वर न्यायचं, कोपऱ्यात ठेवायचं आणि त्याच्या पुढून भिंत घ्यायची, असं त्यांचं म्हणणं. इंजिनिअर मला विनवत होता. "मॅडम, समजवा ना यांना. बेडरूमचं दार केवढं, कपाट केवढं. पझेशननंतर मिळतात ना आजकाल सुट्या भागांची कपाटं, दारातून आत जातात, आतच जोडतात. हे परत कधी निघणार नाही."

मी काकूंना म्हटलं, "काकू, परत अडकेल हो ते."

"अडकू दे."

"अहो, पण इतकी वर्षं तुम्हीच तर भांडलात याच्यावरून."

काकू वर बघत होत्या. पाळणा हलला, सावकाश सुटला, एकेक मजला मागे टाकत कपाट वर चाललं. आरशावर ऊन पडून खालच्या मातीत एक उजेडाचा तुकडा हिंडत होता. काकूंनी हेल्मेट सावरलं. "चूक नव्हती गं ती," त्या म्हणाल्या. "पद्धत होती. मला त्यांना सांगायचं राहिलं."

मी इंजिनिअरला म्हटलं, त्या सांगतायत तसं करा.

आता टॉवरला दोन लिफ्ट आहेत, आणि दोन्हींत ते कपाट मावत नाही. वरच्या मजल्यांवर नवीन लोक राहायला आलेत, तरुण, शिकलेले, आयटीतले. वर्गणी मागायला नाहीतर कशाला त्यांच्यातलं कोणी काकूंकडे येतं, आतल्या खोलीत डोकावतं आणि दाराकडे आणि कपाटाकडे आळीपाळीने बघत राहतं. एक म्हणतो, कापून आत नेलं आणि परत वेल्डिंग केलं. त्याची बायको म्हणते, क्रेनने खिडकीतून. मागच्या महिन्यात एकाने मोबाइलवर चित्र काढून दाखवलं, कपाट कसं फिरवत फिरवत आणलं असेल ते, आणि बाकीचे त्याच्याशी भांडत होते.

काकू त्यांना चहा देतात आणि काही सांगत नाहीत. ते माझ्याकडे वळतात, कारण मी अजून सेक्रेटरीच आहे. "मॅडम, तुम्ही तर जुन्या आहात ना, तुम्हाला माहीत असेल." काकू कपबशीवरून माझ्याकडे बघत असतात.

मी म्हणते, "कागदपत्रं आहेत का तुमच्याकडे?"